झाकण दोन हजार दोनचं

माझ्या मशीनला कुणी जुनी म्हटलं तर मला राग येत नाही. जुनी आहेच. पण ती माझ्या बापाची नाही असं कुणी म्हटलं, तर त्याला मी चहासुद्धा विचारत नाही. बळीरामला मात्र दोन वेळा चहा पाजावा लागला.

मी नूतन. अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेला आले. आधी वेड रोडला होतो, आता डिंडोलीत. नवरा योगराज इच्छापोरला कंत्राटावर कामाला जातो. सासू कलाबाई आमच्याकडे राहते. खरं तर आम्हीच तिच्याकडे राहतो. घर तिच्या नावावर आहे आणि ती ते कुणाला विसरू देत नाही.

आणि ही मशीन. दोन टबांची, एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळून काढणारा ड्रायर. दोन हजार दोन साली लग्नात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आंदण दिली. आप्पांची गावात पिठाची गिरणी होती. आमच्याकडे लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव टाकतात, हंड्यापासून चमच्यापर्यंत. आप्पांनी मशीन टेम्पोत घातली आणि अमळनेरला भांडीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "लोटूभाऊ, हे काही भांडं नाही." आप्पा म्हणाले, "यात पाणी राहतं का?" तो म्हणाला, राहतं. "मग भांडंच," आप्पा म्हणाले. तेव्हा त्याने सुईचं यंत्र घेऊन धुण्याच्या झाकणावर कोरलं: चि. सौ. कां. नूतन हीस वडील लोटू दगा यांजकडून सप्रेम भेट.

दोन वर्षांनी आप्पा गेले. भावांनी गिरणी विकली, घरही विकलं. माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, पण त्यात ते हसतायत, आणि आप्पा कधी हसत नसत, म्हणून तो फोटो मला त्यांचा वाटत नाही. आप्पांचं म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते ही मशीन. दुसरं काही नाही.

सासूचं आणि या मशीनचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "मशीनमा कापड मरी जास." माझ्या बापाच्या आंदणात कापड मरतं म्हणे. मी नवी नवरी होते, पण माझी जीभ काही नवी नव्हती. मी म्हटलं, "मग तुमचं लुगडं यात पडायचं नाही." बस. त्या दिवसापासून तिचं लुगडं त्यात पडलं नाही. रोज मोरीत, दगडावर, मोगरीने धोपटून धुवायची. पुढे गुडघे गेले तरी तेच. मी म्हणायची, कुणी सांगितलंय एवढं करायला? ती म्हणायची, "तूच."

दोन हजार सहाच्या पुरात तापी आमच्या तळमजल्यात शिरली. आम्ही वरच्या मजल्यावर परक्यांच्या घरात बसून होतो. पाणी उतरल्यावर खाली गेलो, तर मशीन चिखलात आडवी. आजूबाजूला लोकांचे लूम गेले होते, कापडाचे तागे गेले होते, आणि मी मशीनपाशी बसून रडत होते. शेजारच्या बायका माझी समजूत काढायला यायच्या आणि स्वतःचं घर आठवून परत जायच्या. मला त्याची लाज नव्हती. माझा बाप दुसऱ्यांदा गेला होता.

मग सासरे, तेव्हा ते होते, ती टेम्पोत घालून कामरेजला कुणा ओळखीच्याकडे घेऊन गेले. थंडी संपता संपता मशीन परत आली. चकचकीत. अंगाचा रंग वेगळा, बटणं वेगळी, पाणी सोडायची नळी दुसऱ्या बाजूला. सासरे म्हणाले, "सगळं बदलावं लागलं." मी झाकण बघितलं. आप्पांचं नाव होतं. मी दुसरं काही विचारलं नाही. लूमवाल्यांच्या घरात असंच असतं. मोटर बदलतात, धोटा बदलतात, सांगाडा कुजला तर सांगाडाही बदलतात आणि म्हणतात, हा आजोबांच्या वेळचा लूम. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. झाकण मात्र तेव्हापासून बोटभर आखूड पडायला लागलं आणि फटीतून पाणी उडायचं. मी सगळ्यांना सांगायची, पुरात झाकण आटलं. कुणी हसलं नाही, म्हणजे लोकांनाही पटलं असावं.

तर यंदा दिवाळीच्या तोंडावर, पडदे आणि चादरी भिजत घातलेल्या असताना, मशीन थांबली. गुरगुरायची, पण फिरायची नाही. योगराज म्हणाला, "भंगारात दे. नवी आणू, आपोआप चालणारी."

मी म्हटलं, "तुम्हीही त्याच वर्षीचे आहात. तुम्हालाही देऊ का?"

तो जेवायला बसला.

बळीराम आमच्या सोसायटीतल्या सगळ्या मशीन बघतो. परभणीकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याला एक नाद आहे. त्याच्या मोबाईलवर जुन्या मशीनवाल्यांचा एक ग्रुप आहे. लोक पोरांचे फोटो टाकतात, हे मशीनच्या मागच्या नंबराच्या पट्ट्यांचे टाकतात, आणि मग मशीन कुठल्या साली जन्मली यावर भांडत बसतात. त्याची बायको त्याला जेवायला तीन हाका मारते म्हणे.

त्याने मशीन उघडून बघितली. "गिअर बॉक्स गेलाय, ताई. कोणत्या सालची?"

"दोन हजार दोन."

"नक्की?"

"माझ्या लग्नाचं साल मला विचारतोस?"

दोन दिवसांनी तो दोन हजार दोनचा गिअर बॉक्स कुठून तरी शोधून घेऊन आला. तासभर खाली पडून खटपट केली. मग उठून बसला आणि हात पुसले. "ह्ये काही बसंना. गिअर दोन हजार दोनचाय, ताई. मशीन नाही."

मी त्याला झाकण दाखवलं. त्याने ते नीट वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "मागची पट्टी बघू द्या." आम्ही दोघांनी मशीन ओढून भिंतीपासून पुढे घेतली. पाठीवर पट्टीच दिसेना. हळदीकुंकवाचा थर. आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा होते, आणि मशीनची पूजा सासूच करायची, नेहमी मागच्या बाजूला. मी एकदा विचारलंही होतं, मागून कसली पूजा? ती म्हणाली होती, "पुढून सगळाच करतस." इतक्या दसऱ्यांचं कुंकू, त्यावर तेलाचे हात. चांगला पापुद्रा झाला होता.

बळीरामने रॉकेलचा बोळा घेतला. सासू दारात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "राहू दे रे भाऊ. देव शे तठे."

"देवाला म्हणा जरा बाजूला सरक," मी म्हटलं.

पट्टी निघाली. बळीरामने चष्मा लावला. कुणी तान्हं पोर हातात घेतल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. मला समजावून सांगायला लागला. या कंपनीच्या नंबरात पहिली दोन अक्षरं कारखान्याची, मग एक आकडा वर्षाचा, मग दोन आकडे महिन्याचे. वर्षाचा आकडा होता सात. महिना शून्य एक.

"सात म्हणजे काय?"

"सात म्हणजे सात. वर्षाचा शेवटचा आकडा तेवढाच टाकतेत हे लोक. दर दहा वर्षांनी तोच आकडा परत येतोय. म्हणजे एक तर सत्त्याण्णव, न्हाईतर दोन हजार सात."

लसूण सोलायचा आवाज थांबला. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. सत्त्याण्णव म्हणजे लग्नाच्या पाच वर्षं आधी. म्हणजे आप्पांनी मला कुणाची तरी वापरलेली मशीन दिली. आणि दोन हजार सात म्हणजे आप्पा जाऊन तीन वर्षं झाल्यावर. म्हणजे ती आप्पांची नाहीच. यातलं काय निवडायचं ते मशीनच्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

बळीराम म्हणाला, मॉडेल नंबरवरून कळेल, ग्रुपवर विचारतो. पट्टीचा फोटो काढून गेला.

तो दिवस माझा कसा गेला ते मलाच माहीत. मी सत्त्याण्णव धरून चालले. आप्पा चिक्कू होते, यात खोटं काही नाही. गिरणीचं इंजिन त्यांनी जुनंच घेतलं होतं, सायकल जुनी, घड्याळ जुनं. मशीनही घेतली असेल कुणा मास्तरची, पुसूनपासून. आणि मग त्यावर नाव कोरून दिलं, म्हणजे कुणी मागचं बघायला नको. मी फोटोपुढे उभी राहून त्यांना दोन शब्द सुनावले. म्हटलं, आप्पा, एकुलती एक मुलगी होते तुमची. सासरी मी मान वर करून सांगत होते, माझ्या बापाने नवी कोरी दिली म्हणून. फोटोत ते हसतच होते. वरण करपलं. सासू मुकाट्याने करपलेलं वरण जेवली. तिने एरवी मला सोडलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर मला सत्त्याण्णवच हवं होतं. जुनी का असेना, त्यांनी दिलेली तरी असेल.

दुसऱ्या दिवशी बळीराम आला आणि न सांगता खाली बसला. "ताई, ग्रुपवर एकमत झालंय. कधी होत नसतंय. मॉडेल नंबरच्या शेवटी ही जी दोन अक्षरं हायेत ना, ही जोडी कंपनीनं दोन हजार सहाच्या आधी वापरलेलीच नाही. म्हणजे सत्त्याण्णव कटाप. तुमची मशीन जानेवारी दोन हजार सातची."

आप्पांवरचा आळ गेला आणि आप्पाही गेले.

"पण झाकण?" मी विचारलं.

त्याने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, कोपऱ्यात, प्लास्टिकच्या साच्यातच एक छोटं गोल होतं, त्यात शून्य दोन. इतकी वर्षं मी ते झाकण आतून पुसत होते आणि मला वाटायचं ते कंपनीचं नक्षीकाम आहे. "झाकण दोन हजार दोनचं," बळीराम म्हणाला. "अंग दोन हजार सातचं. बिजागरी बघा. भोकं हातानं पाडलेत, ड्रिल मारून. ह्ये झाकण ह्या मशीनचं नाहीच, म्हणून आखूड पडतंय. कुणीतरी मुद्दाम बसवलंय. लई मेहनत घेतली गड्यानं."

मी त्याला चहा दिला, सातचा गिअर बॉक्स आणायला सांगितलं आणि घालवून दिलं. मग मोरीत गेले.

सासू दगडावर लुगडं धोपटत होती. एका हाताने नळ धरलेला, दुसऱ्या हातात मोगरी.

"आत्याबाई, ही मशीन कुणी आणली?"

"तुना सासरानी."

"कशी आणली?"

"टेम्पोमा."

"मी ते विचारत नाही. कशातून आणली? पुरानंतर घरात मीठ घ्यायचे वांधे होते."

ती धोपटत राहिली. मी तिच्या पायांकडे बघितलं. माझं लग्न झालं तेव्हा त्या पायांत चांदीचे तोडे होते, चांगले जाड. पुरानंतर ते दिसले नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाली होती, पुरात गेले. मी योगराजला म्हटलंही होतं, तुमच्या आईला अंगावरचं सांभाळता येत नाही. लग्नानंतर एकदा तिचे पाय सुजले होते तेव्हा तेच तोडे निघत नव्हते, साबण लावूनही नाही. सोनार म्हणाला होता कापावे लागतील. कापल्याशिवाय न निघणारे तोडे पुरात वाहून कसे जातील, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही.

"तोडे मोडले तुम्ही."

तिने नळ बंद केला. "तुना बापनी मशीन मरी गयथी. कामरेजना मानूस म्हने, यामा काही राम ऱ्हायना नही, झाकन तेवढं चांगलं शे." लुगडं उलटं केलं. "मंग झाकनले मशीन लई वनूत."

झाकणाला मशीन आणली. इतकं साधं सांगितलं, जसं काही डब्याला रबर आणलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू रोज रडे. पूर उतरी गया, तुनं रडनं उतरे ना. घर सुकाले पाहिजे व्हतं."

"नंतर सांगायचं. एवढी वर्षं होती."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मनी शे म्हनती, ते तू हात लावती का?"

मला राग आला. मला एवढी वर्षं फसवलं, कुंकू फासून फासून फसवलं, आणि वर मलाच विचारते. तोंडात आलेलं उत्तर चांगलं होतं. पण ते खोटं होतं. खरं उत्तर नाही असं होतं. नसता लावला मी हात. तिची मशीन म्हटल्यावर मीही दगडावरच धुतलं असतं, तिच्या शेजारी, तिला दाखवून. रागाच्या मागून लाज आली, आणि राग निघून गेल्यावरही ती तिथेच राहिली.

"आणि तुमचं लुगडं? स्वतःची मशीन असून दगडावर का धुता?"

"तू नही म्हने," ती म्हणाली आणि पुन्हा मोगरी उचलली.

संध्याकाळी योगराज आल्यावर मी त्याला विचारलं, "मशीन आईने तोडे मोडून आणली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुला माहीत आहे." आणि पाय धुवायला गेला. या माणसाबरोबर मी संसार केला, त्यामुळे मला आता कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही.

सातचा गिअर बॉक्स एका फटक्यात बसला. मशीन फिरायला लागली. बळीरामने विचारलं, आखूड झाकण काढून बरोबर मापाचं लावू का, मिळतंय अजून. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. पाणी उडतंय तर उडू दे.

मग मी उधन्याला गेले आणि भांड्यांवर नाव टाकणाऱ्या एकाला यंत्रासकट घरी घेऊन आले. गुजराती माणूस. मशीन बघून तो म्हणाला, "बेन, आ वासण नथी." म्हणजे भांडं नाही. मी म्हटलं, "यात पाणी राहतं का?" त्याने यंत्र बाहेर काढलं. मी त्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि मशीनच्या अंगावर, पुढच्या बाजूला, टबाच्या खाली कोरायला लावलं: चि. सौ. कां. नूतन हीस सासू कलाबाई यांजकडून सप्रेम भेट, २००७. चि. सौ. कां. हे माझ्या वयाला शोभत नाही, पण मजकूर असाच असतो, त्यात आपण बदल करू नये.

सुईचा आवाज ऐकून सासू भिंतीला धरून आली. तिला लिहिता-वाचता येत नाही. माणूस गेल्यावर ती मशीनपुढे खाली बसली आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय लिखं?"

"मशीनचा नंबर," मी म्हटलं. "मागचा पुसला गेला ना रॉकेलने. म्हणून पुढे टाकून घेतला."

"गैरा लांबा शे."

"जुन्या मशीनला लांबच असतो."

तिने पदराने ती अक्षरं पुसली, प्लास्टिकचा भुसा उडाला होता तो. मला वर ओढून घे म्हणून हात पुढे केला. मी उठवलं.

पुढच्या दिवशी सकाळी मशीन लावायला गेले, तर टबात सगळ्यात वर तिचं हिरवं लुगडं पडलेलं होतं. मोरीतून मोगरीचा आवाज नव्हता. ती बाहेर ओट्यावर बसून शेजारणीशी कांद्याच्या भावावर बोलत होती, मोठ्याने, मला ऐकू येईल असं. मी साबण टाकला, आखूड झाकण लावलं आणि बटण फिरवलं. फटीतून पाणी उडालं, माझी साडी भिजली.

ड्रायरमधून काढून मी लुगडं गॅलरीत वाळत घातलं. तेवढ्यात ती आली. काठ दोन बोटांत धरून चुरगाळून बघितला, उन्हाकडे धरला, परत बघितला.

"मेलं का?" मी विचारलं.

"नही," ती म्हणाली. "जित्तं शे." आणि मी लावलेला चिमटा काढून तिने तिच्या पद्धतीने परत लावला.